कंबर फिरते, तरी ठोसा हलकाच का?

आजची कराटेची नोंद फक्त कंबरेवर. ‘कंबर लाव’ ही सूचना प्रत्येक वर्गात ऐकू येते, पण नेमकं काय फिरवायचं हे क्वचितच सांगितलं जातं. मग मुलं पाठ पिळतात. पाठीच्या खालच्या पाच मणक्यांत फिरायला जागा फारच थोडी, एका बाजूला जेमतेम १० अंशांच्या आसपास. खरं वळण होतं ते खुब्याच्या सांध्यात. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिथे खोबणीत बसलेला असतो आणि पेल्विस (ओटीपोटाभोवतीचा हाडांचा घेर) त्याच्याभोवती वळतं.

ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, हाच घेऊ. मागचा पाय जमिनीला रेटतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या पायाकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त ताकद तिथेच वाया जाते. पुढचा गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत पक्का राहिला, तर पेल्विस पुढच्या खुब्याभोवती दारासारखं वळतं. गुडघा आत ढासळला किंवा पुढे सरकला की बिजागरीच हलते. मागून आलेला रेटा मग शरीराला नुसता पुढे ढकलतो, वळणात उतरत नाही.

झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) दोन्ही पावलं एकाच रेषेत आली तर कंबर हानमीतून (अर्धवट बाजूला वळलेल्या स्थितीतून) समोर येताना मध्येच अडते. खांद्याइतकी रुंदी हवीच. मागच्या पावलाची बोटं पार बाजूला वळलेली असली तरी तीच अडचण. ती जितकी पुढे आणता येतील तितकी बरी. टाच उचलावी की नाही यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. शोतोकान या कराटे शैलीत ती जमिनीवर असते, बॉक्सिंगमध्ये मागचा पाय चवड्यावर फिरतो. टाचेबरोबर अख्खं शरीर वर उचललं जाऊ नये, एवढं बघावं.

आता क्रम, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. आधी कंबर, मग खांदा, मग कोपर, शेवटी मूठ. कंबर निघाली आणि खांदा क्षणभर मागे राहिला की पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात आणि आखडताना खांद्याला पुढे खेचतात. सगळं एकदम सुटलं तर हा ताण तयारच होत नाही. आणि कंबर समोर आली की तिथेच थांबली पाहिजे. ती झटक्यात थांबते तेव्हा तिचा वेग वर, हाताकडे जातो. जास्त फिरवली की जास्त ताकद, हा समज चुकीचा आहे. खांदा लक्ष्याच्या पलीकडे जातो, तोल जातो आणि पुढचं तंत्र उशिरा निघतं.

हे हातापायांना समजायला पंचिंग बॅगसारखं साधन नाही. मूठ बॅगला टेकवायची, कोपर किंचित वाकलेलं, आणि हात अजिबात न लांबवता फक्त कंबरेच्या वळणाने बॅग ढकलायची. दोन्ही बाजूंना १०-१० वेळा, सावकाश. खांदा कानाकडे चढला तर काम खांदा करतोय. जमलं की मूठ वीतभर मागे घ्यायची, मग पूर्ण अंतरावर. बेल्टच्या टोकांवरही नजर ठेवावी: कंबर झटक्यात थांबली तर ती फटकारतात, नुसती वळली तर लोंबकळत मागून येतात.

मावाशी-गेरीत (गोल फिरवून मारायच्या लाथेत) टेकूच्या पायाची टाच लक्ष्याकडे वळलीच पाहिजे. नाही वळली तर कंबर अडते आणि उरलेला पीळ गुडघा सोसतो. पीळ सोसायला तो सांधा बनलेलाच नाही. दुखणं सुरू होतं ते इथून.

खुबा आखडलेला आहे का, हे खुर्चीत बसून कळतं. गुडघे काटकोनात, मांडी स्थिर, पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायचं. साधारण ३५ अंश सहज जायला हवं. त्यापेक्षा बरंच कमी जात असेल तर कंबरेवर जोर करण्याआधी स्टान्स (पवित्रा) थोडा आखूड करावा, आणि रोजच्या वॉर्म-अपमध्ये खुब्याच्या आतल्या वळणाचा व्यायाम घ्यावा.