भीती गेली का, असे तुम्ही विचारलेत म्हणून

मुलुंडहून दादरला मी पुन्हा लोकलने जाऊ लागले, तेव्हापासून नातेवाईक आणि सहकारी मला एकच प्रश्न विचारतात : "म्हणजे आता भीती गेली ना?" भीती गेलेली नाही. बदलले आहे ते माझे वागणे, आणि हा फरक मला एकदा नीट सांगायचा आहे, कारण "मन खंबीर कर" हे ऐकून मी थकले आहे.

गाडीत छाती धडधडू लागली, बोटे बधिर झाली, की मी पुढच्या स्थानकावर उतरत असे. उतरताच सुटका होई, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी चढणे अधिक अवघड होई. समुपदेशकबाईंनी पायऱ्या आखून दिल्या : आधी दुपारी नुसते फलाटावर उभे राहायचे, मग नाहूरपर्यंत, मग भांडुप, घाटकोपर आणि शेवटी जलद गाडी. हातातली पाण्याची बाटली, दाराजवळची जागा हे आधारही एकेक करून सोडायचे होते. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या अशाच पद्धतीत शरीर शिथिल करण्यावर भर होता. पुढील अभ्यासांत मात्र असे दिसले की शिथिल न होता, भीतीसकट तिथे थांबले तरी उपयोग होतो. हे मला मुळीच पटले नव्हते.

पावसाळ्यातल्या एका सकाळी जलद गाडी कांजूरमार्ग ओलांडून विक्रोळीच्या अलीकडे थांबली. लेडीज डब्यात मी मधोमध होते आणि बाटली ठरवून घरी ठेवली होती. घसा कोरडा पडला, रुळांवर उडी मारावी असे वाटू लागले. शेजारच्या बाईंनी "बरं वाटत नाहीये का हो?" असे विचारले, तेव्हा "घाबरलेय, पण उभी राहते" एवढेच मी बोलू शकले. भीती चढत गेली, याच्यावर आता काही उरले नसेल असे वाटेपर्यंत चढली, आणि मग उतरू लागली. गाडी तेव्हाही जागची हलली नव्हती. सुटका उतरण्यामुळेच होते असे मी आजवर धरून चालले होते. त्या दिवशी कोठेही न उतरता माझा श्वास पूर्ववत झाला.

दुसऱ्या दिवशी फलाटावर पाय तितकेच जड होते. पूर्वीची मी म्हणाली असती, मग एवढा खटाटोप कशाला, घराजवळची नोकरी बघ. तिला माझ्याकडे चोख उत्तर नाही; त्रास खरोखरच कमी झाला असता. परंतु लग्नकार्ये आणि आईचे डोंबिवलीचे घरही तिने एकेक करून सोडले होते, याचे उत्तर तिच्याकडेही नव्हते.

गोळ्यांबद्दलही तुम्ही विचारता. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या मी काही काळ घेतल्या. पहिल्या पायऱ्या त्यांच्यामुळे जमल्या की सरावामुळे, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. संध्याकाळच्या गर्दीतील जलद गाडीत मी अजून चढत नाही. ती पायरी आखलेली आहे, पण ती जमेलच असे मी कोणालाही सांगितलेले नाही.