तुम्ही विचारलंत म्हणून: शहराच्या गोंगाटात प्रार्थना सुचते कशी?

मी ख्रिस्ती आहे आणि मोठ्या शहरात राहते, हे कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. एवढी गर्दी, एवढा आवाज. देवासाठी एखादी शांत जागा गाठावीशी वाटत नाही का?

एकांताची ओढ मलाही आहे. येशूसुद्धा पहाटे उठून एकांतात जाई. पण तिथून तो परत माणसांतच येई.

मला खरा आधार वाटतो तो बायबलमधल्या यिर्मयाच्या पत्राचा. हा देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचे (जेरुसलेमचे) लोक धरून बाबेलला नेले. शहर परकं, भाषा परकी, देवही परके. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, दोनच वर्षं कळ काढा. यिर्मयाने सत्तर वर्षांचा हिशोब मांडला आणि त्या लोकांना पत्रातून कळवलं: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी कैद करून आणलं, त्यांच्याच शहरासाठी! ऐकणाऱ्यांच्या पोटात काय कालवलं असेल.

शहरात आलेले आपण कितीतरी जण वर्षानुवर्षं मनाने बोचकं बांधूनच बसलेले असतो. चार पैसे जमले की जाऊ. तोवर जिन्यातला बंद दिवा, तुंबलेलं गटार, शेजारचं एकटं म्हातारपण, यांच्याशी आपलं देणंघेणं नाही. यिर्मया नेमकं तेच जोडून देतो.

म्हणून माझी प्रार्थना बसमध्येही होते. मी खांबाला धरून उभी असते. समोरच्या बाईच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा. ती त्याची कड दुमडते, सरळ करते, पुन्हा दुमडते. तिचं नाव मला ठाऊक नाही, देवाला आहे. तेवढ्यावर मी तिच्यासाठी मागते.

पण नुसत्या मागण्याने भागत नाही, हे माझं ठाम मत. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून पाहा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. तक्रार झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती झटकली नाही. त्या कामावर सात माणसं नेमली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. माझ्या लेखी हेही ईश्वरज्ञानच. आमच्या मंडळीत मदतीची यादी होते तेव्हा नव्याने आलेल्या, आमची भाषा न येणाऱ्या घरांत कोण जाऊन आलं, हे मी विचारते. आणि यादी करणाऱ्यांत त्यांच्यातलं कुणीतरी हवंच, हा माझा आग्रह असतो.