तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरं घेऊन कॅराव्हॅननं कोकणात जाता येतं का?

मुंबईत मांजरं पाळणारे बरेच जण हे विचारतात. घरी ठेवून जायला मन होत नाही, बहुतेक हॉटेलं मांजर घेत नाहीत, मग कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेतली तर? तर जाता येतं. पण प्रत्येक मांजराला नेता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कुणालाच नेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ.

मांजर जागा धरून राहणारं जनावर आहे. जागा बदलली की ते आधी खाणं सोडतं, मग लघवी तुंबवतं. आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅन भाड्याच्या असतात, निघायच्या दिवशीच दारात येतात. गाडीची सवय लावायला वेळच मिळत नाही. म्हणून कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, हीच मांजराची जागा करायची, आणि ते काम तीन आठवडे आधी घरीच सुरू करायचं.

कॅरिअर कडक प्लास्टिकचं, वरूनही उघडणारं घ्या. मांजराला आत उभं राहून वळता आलं पाहिजे. पहिला आठवडा त्याचं दार काढून, मांजर एरवी झोपतं त्या कोपऱ्यात ठेवा आणि जेवण आतच द्या. दुसऱ्या आठवड्यात पाच-दहा मिनिटं दार लावा. तिसऱ्या आठवड्यात लिफ्टनं खाली, मग गाडीतून एक चक्कर. आत मांजराच्या वासाची जुनी गोधडी हवी, आणि ती धुवायची नाही. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. मऊ फडकं गालांवरून फिरवून तेच गाडीतल्या कोपऱ्यांवर, मांजराच्या उंचीला पुसा. दोन मांजरं असतील तर कॅरिअरही दोन. एरवी एकमेकांना बिलगून झोपणारी सख्खी भावंडंसुद्धा घाबरली की एकमेकांवर तुटून पडतात.

गाडी बुक करताना मालकाला एक गोष्ट निक्षून सांगा: फरशी फिनाईलनं पुसू नका, साबणाचं पाणी पुरे. फिनाईलसारखी फिनॉलवाली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटतंच. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषधही मांजराला लावायचं नाही, ते विष ठरतं.

शेवटचं जेवण निघण्याआधी चार-पाच तास. पाणी बंद करू नका. पहाटे चारला निघालात तर ऊन चढायच्या आत बराच रस्ता मागे पडतो. वडखळला किंवा माणगावला कोंडीत अडकलात की उभ्या गाडीत एसी नीट गार करत नाही, ते पहाटे निघून टळतं. लाळ गळणं आणि एकसुरी ओरडणं ही मळमळीची खूण. उलटीसाठी मॅरोपिटंट आणि भीतीसाठी गॅबापेंटिन डॉक्टर देतात, पण पहिला डोस प्रवासात नको. आधी एकदा घरी देऊन बघा. माणसांचं पॅरासिटामॉल कधीच नाही, एका गोळीनं मांजर दगावू शकतं.

चाक फिरतंय तोवर मांजर कॅरिअरमध्ये, याला अपवाद नाही. मोकळं मांजर ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसतं. कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे, खाली जमिनीवर घट्ट बसेल असं ठेवा. टेबलावर किंवा बेडवर ठेवलं तर पहिल्याच करकचून लावलेल्या ब्रेकला ते उडतं.

आता उन्हाचं, कारण सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण 10 अंशांनी चढतं, अर्ध्या तासात 20 अंशांच्या आसपास. बाहेर 33 असेल तर आत 50 च्या पुढे. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मांजराला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. कुत्र्याचं धापणं नेहमीचं, पण मांजर तोंड उघडून धापायला लागलं की ते आधीच संकटात आहे. साध्या पाण्यानं अंग ओलं करा, पंखा लावा, दवाखाना गाठा. बर्फ नको.

"गाडीत एसी आहे ना" या भरवशावर राहू नका. राहण्याच्या भागातला एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी देते सव्वा युनिट, म्हणजे जेमतेम तासभर. त्यामुळे एसी खरा चालतो तो मुक्कामाच्या जागी प्लग लावल्यावर, आणि तिथे वीज गेली की बंद. पोचल्याबरोबर एक चाचणी करा: एसी चालू असताना प्लग काढा, पाच मिनिटांनी परत लावा. एसी आपोआप सुरू झाला नाही तर मांजरांना एकटं सोडायचा विषयच नाही. झाला तरी माझं मत असं, की हरिहरेश्वरला देवळात पाळीपाळीनं जावं आणि एकानं गाडीत थांबावं.

लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-शूची पेटी, टॉयलेटच्या फरशीवर ठेवा. त्यातली माती घरी वापरता तीच, लघवी पडली की गोळे बांधणारी, चार-पाच सेंटिमीटर थर. रोज लघवीचे गोळे मोजा, दिवसाला दोन ते चार हवेत. बोका पेटीत वारंवार बसतो, कळ देतो आणि गोळाच नाही, तर मार्ग तुंबलेला असू शकतो. मग सकाळची वाट बघू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल तरी माहीत असतं. कोकणातल्या सरकारी दवाखान्यांना सवय गाईम्हशींची, बोक्याला घालायची बारीक नळी तिथे असेलच असं नाही. वाटेवरच्या चिपळूण-रत्नागिरीतल्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा आणि नंबर लिहून ठेवा. लठ्ठ मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं, तेव्हा घरचंच खाणं पुरेसं न्या.

मांजरं पळतात ती हायवेवर कमी, मुक्कामाला सामान उतरवताना जास्त. आधी मांजर कॅरिअरमध्ये, मगच गाडीचं सरकतं दार उघडायचं. खिडक्यांची नायलॉनची जाळी नखांनी फाटते, स्टीलची हवी. सिंकखालच्या पाइपांची भोकं बुजवा, जिथून डोकं जातं तिथून अख्खं मांजर जातं. मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप वाचायला रीडर लागतो, म्हणून ओढ बसली की सुटणाऱ्या पट्ट्यावर फोन नंबरही हवा. पळालंच तर गाडी जागची हलवू नका. मांजर बहुतेक वेळा जवळच, लाकडांच्या ढिगात किंवा गडग्याच्या कपारीत गप्प बसलेलं असतं. रात्री बॅटरी मारली की डोळे चमकतात. गोधडीसकट कॅरिअर उघडं ठेवा.

मूत्रपिंडाचा आजार असलेलं, फार म्हातारं किंवा दारावरची बेल वाजली तरी पलंगाखाली जाणारं मांजर नेऊ नका. त्याला घरी ठेवून दिवसातून दोन वेळा कुणी येऊन बघेल अशी सोय करा. बाकीच्यांची पहिली खेप कोकणात नको, कर्जत-नेरळला एकच रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मांजरानं खाल्लं आणि पेटीत गोळे दिसले, तर पुढचं बुकिंग करा.