विजापूर किती?

दादरला बसची वाट बघत उभी होते. दुपारचे अडीच. स्टॉपवरचं बाकडं इतकं तापलेलं की त्यावर बसायची कुणाची टाप नव्हती. शेजारी एक काळा दगड, त्यावर कुणीतरी कटिंगचा रिकामा ग्लास ठेवून गेलेलं. ग्लासाच्या खाली पुसट रोमन आकडा दिसला तेव्हा ओळख पटली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजत मुंबईभर असे दगड रोवले होते. चर्च १७१८ सालचं. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच पडलेलं. पुढे रस्ते चढत गेले, दगड बुडत गेले. पालिकेनं त्यातले काही अलीकडे उकरून वर काढले.

असेल ऐतिहासिक. पण मैलाचा दगड म्हटला की मला डोकं हिरवं आणि अंग पांढरं असलेलाच दगड लागतो. राज्य महामार्गाचा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, हे खूप उशिरा कळलं. आणि किलोमीटर येऊन इतकी वर्षं झाली तरी दगड मैलाचाच राहिला, यात मला कधी काही खटकलं नाही.

आमचं गाव चिपळूण-गुहागर रस्त्यावर, मार्गताम्हान्याच्या अलीकडे. मे महिन्यात एसटी तिठ्यावर सोडायची आणि समोर तो दगड. गुहागरकडून येणाऱ्याला दिसेल अशा अंगावर काळ्या रंगात ‘विजापूर’ लिहिलेलं, खाली तीनशेच्या वरचा आकडा. पेंटरनं ‘र’ला जागा न पुरल्यामुळे तो कडेला चेंगरून बसवला होता. गावातलं कुणीही कधी विजापूरला गेलेलं नव्हतं. मुंबई, फार तर पुणे. चिपळूण म्हणजे बाजार, कराड म्हणजे कुणाकुणाची सोयरीक. त्यापुढे पाटीवरच्या नावापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. पण दगड रोज सांगायचा की हाच रस्ता विजापूरला जातो.

आजीनं त्याचा वेगळाच उपयोग करून घेतला होता. हाक मारली आणि ओ आली नाही, की पडवीतून आवाज यायचा, “कुठं गेलीस गो, इजापुरास?” हळूहळू घरात सगळेच तसं म्हणायला लागले. बाबा परळच्या खोलीतसुद्धा म्हणायचे. शेजारच्यांना वाटायचं, आमचं तिकडे कुणीतरी आहे.

एका सुट्टीत चुलतभाऊ म्हणाला, चालत राहिलं तर पोचूच ना. युक्तिवादात खोट काढता येईना. दोघं निघालो, अनवाणी. डांबर मऊ झालेलं, म्हणून कडेच्या तांबड्या मातीतून. वाटेत कुणाच्या तरी काजूची दोन बोंडं चोखली, फ्रॉकवर डाग पाडून घेतले. बऱ्याच वेळानं पुढचा दगड आला. विजापूरचा आकडा एकानं कमी! आम्ही दोघं त्या दगडावर पाठीला पाठ लावून बसलो. मग तहान लागली आणि परत आलो. फ्रॉकला मागून चुना आणि हिरवा रंग, पुढून काजूचा डाग. मार कशासाठी पडला ते आता आठवत नाही.

पुढे कळलं की हा रस्ता उगाच आखलेला नाही. दाभोळ आदिलशाहीचं बंदर होतं. माल वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत गलबतानं यायचा आणि तिथून कुंभार्ली घाट चढून बैलांच्या पाठीवरून वर देशावर. वर मीठ, सुकी मासळी, उतरताना गूळ. घाट, कोयनानगर, पाटण, कराड, विटा, जत करत थेट गोल घुमटापर्यंत. म्हणजे विजापूरचं नाव आमच्या तिठ्यावर येऊन बसलं त्याला कारण होतं. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, “मीठ आपलं, आनि दगडावर नाव त्यांचं!” यावर आदिलशहाकडेही उत्तर नसतं.

आता तो रस्ता राष्ट्रीय झालाय, १६६ई. रुंद झाला, कडेची झाडं गेली, तिठ्यावरचा दगड गेला. नवे दगड पिवळ्या डोक्याचे. गेल्या वर्षी मी गाडीतून मुद्दाम बघत होते, पण वेगात आकडा वाचताच आला नाही. मी कराडपर्यंत दोनदा गेले आहे, आणि दोन्ही वेळा तिथूनच पुण्याकडे वळले.

दादरला माझी बस आली आणि गेली. मी त्या ग्लासाकडेच बघत राहिले होते.

आजीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे गावी होतो. ती हाकेला ओ देत नव्हती. काकानं दोनदा हाक मारली, आत्यानं मारली. मग बाबा खाटेशी वाकून, तिच्याच सुरात म्हणाले, “आये, कुठं गेलीस, इजापुरास?”

डोळे न उघडता ती म्हणाली, “आता जवळ आलं.” मग थोड्या वेळानं विचारलं, कोंबड्या झाकल्या का.