म्यूटचं बटण आणि कार्योत्तर मंजुरी

जुलै 2020 मध्ये नगरविकास खात्याचं परिपत्रक आलं की कोविडमुळे सर्वसाधारण सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घ्यायच्या, आणि नगरपरिषदेत सभेच्या कामकाजाचं टेबल माझ्याकडे, त्यामुळे लिंक पाठवणं, हजेरी, इतिवृत्त सगळं माझ्यावरच आलं. सभागृहात आम्ही तिघंच, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब आणि लॅपटॉपसमोर मी. बाकी नगरसेवक आपापल्या घरून.

त्या दिवशी महत्त्वाचा विषय एकच, क्वारंटाइन सेंटरच्या जेवणाच्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी, म्हणजे काम आधीच झालेलं आणि सभेची मंजुरी नंतर. लॉकडाऊन लागला तेव्हा सभा घेणं शक्यच नव्हतं आणि सेंटरमधली माणसं उपाशी ठेवता येत नाहीत, म्हणून नगराध्यक्षांनी 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम 58(2), म्हणजे तातडीच्या वेळी सभेआधीच आदेश द्यायचा अधिकार, वापरून कामाचे आदेश दिलेले. ते बरोबरच होतं, हे कलम असतंच अशा वेळेसाठी. पण केलेलं काम नंतर कारणांसकट सभेपुढे ठेवावं लागतं, आणि नेमकं हेच लोक विसरतात, कार्योत्तर मंजुरी म्हणजे नुसता शिक्का समजतात.

विषय वाचला, सूचक-अनुमोदक झाले, "मंजूर मंजूर" सुरू झालं तेवढ्यात एक नगरसेविका ताई बोलायला लागल्या. त्यांचा वॉर्ड कंटेनमेंट झोनमध्ये, घरात रेंज नाही म्हणून पावसात गच्चीवर छत्री धरून उभ्या, आवाज तुटतोय. बिलात जेवणाची पाकिटं किती आणि त्याच तारखांना सेंटरच्या रजिस्टरला माणसं किती, एवढंच विचारत होत्या. दोन-तीन जण एकदम मध्येच बोलायला लागले, नुसता गोंगाट, आणि मला सांगण्यात आलं की सगळ्यांना म्यूट करा, पुढचा विषय घ्या.

सभागृहात असत्या तर ताई उठून थेट डायससमोर आल्या असत्या, माईक बंद केला तरी आवाज पोचलाच असता. इथे एका क्लिकवर लोकांनी निवडून दिलेला माणूस गप्प होतो, आणि क्लिक करणारा मी, ज्याला कुणीच निवडून दिलेलं नाही. हे मला अजिबात पटेना. मी गोंगाट करणाऱ्यांना म्यूट केलं, ताईंचा माईक चालू ठेवला आणि मुख्याधिकाऱ्यांना म्हटलं, साहेब, प्रश्न इतिवृत्तात घ्यावा लागेल, अर्धवट ऐकून लिहू काय? साहेब म्हणाले, बोलू द्या त्यांना. तेवढ्यात लिंकच तुटली, मग नगराध्यक्षांनीच ताईंना फोन लावायला लावला, स्पीकर लॅपटॉपजवळ धरला आणि प्रश्न सगळ्यांना नीट ऐकू आला.

मतदानापर्यंत ताई परत जोडल्या गेल्या. एकेकाचं नाव पुकारून, कॅमेरा चालू ठेवूनच मत घेतलं, वेळ खूप गेला पण जाऊ दे. रजिस्टरशी पडताळणी करूनच बिल अदा करायचं ही अट ठरावात आली आणि मग ताईंनीही होकार दिला. पडताळणीत काही तारखांचा मेळ बसेना, तेवढी रक्कम बिलातून कापली.

त्यानंतरच्या ऑनलाइन सभांना मी आदल्या दिवशीच सगळ्यांना फोन करून रेंज तपासून घ्यायचो, आणि मतं नावं पुकारूनच.