साडेचार वर्षांच्या लेकीबरोबर शूशोएनच्या बर्फात

नॉर्वेत फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर विंटरफेरिये, म्हणजे हिवाळी सुट्टी असते, ऑस्लोची आठव्या आठवड्यात (इथे सगळे आठवड्याच्या नंबरानेच बोलतात), आणि त्या आठवड्यात अर्धं ऑस्लो डोंगराकडे निघतं. आम्ही यंदा शूशोएनला गेलो. लिलेहामरच्या वरच्या पठारावर, 800 मीटरपेक्षा थोडी जास्त उंची, आणि 300 किलोमीटरच्या वर स्की ट्रॅक. ऑस्लोहून लिलेहामरपर्यंत दोन-सव्वादोन तासांची ट्रेन, त्यात बराच वेळ खिडकीबाहेर म्योसा, नॉर्वेचं सगळ्यात मोठं तळं, आणि पुढे बसने वर.

आपल्याकडे स्की म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुलमर्ग नाहीतर औली येतं, लिफ्टने वर जायचं आणि सुसाट खाली यायचं. क्रॉस कंट्री पूर्ण वेगळं प्रकरण आहे. इथे लिफ्ट नाही, वेग नाही, बूट फक्त पुढच्या बाजूने स्कीला अडकतो आणि टाच मोकळी राहते, त्यामुळे चालता येतं. स्की मधोमध किंचित वर उचललेली असते. एका पायावर सगळं वजन टाकलं की तो मधला भाग बर्फावर दाबला जातो, पकड मिळते, ढकलायचं, वजन काढलं की परत घसरायचं. मशीनने बर्फात दोन समांतर खोबण्या पाडून ठेवलेल्या असतात, ट्रामच्या रुळांसारख्या, पाय आपोआप सरळ जातात. लहान मूल घेऊन बर्फात उतरायचं असेल तर मी डोळे झाकून हेच सुचवेन. आणि ट्रॅकला तिकीट नाही! लोक आपापल्या मनाने मेंटेनन्ससाठी पैसे देतात, आम्हीही दिले.

मुरलेले स्कीवाले पकड देणाऱ्या भागाला रोजच्या तापमानाप्रमाणे वॅक्स लावतात, थंडीत निळं, शून्याच्या आसपास वेगळं, स्विक्स ही वॅक्सवाली कंपनी तर लिलेहामरचीच. पण मूल बरोबर असताना सकाळचा तो अर्धा तास कुठून आणायचा, म्हणून आम्ही पायाखाली मोहेरची (बकरीच्या केसांची) पट्टी लावलेल्या स्की भाड्याने घेतल्या, काही लावायची गरज नाही, दारातून बाहेर पडायचं आणि चालायला लागायचं.

लेकीसाठी पुल्क घेतली होती. पुल्क म्हणजे मुलाला बसवून मागे ओढायची छोटी गाडी, चाकांऐवजी घसरणारा तळ, पुढे काच, आणि ओढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेले दोन कडक दांडे. दोरी नाही, दांडेच, कारण उतारावर गाडी मागून येऊन आपल्यावर आदळायला नको. ओढायचं काम नवऱ्याकडे. आत मेंढीचं कातडं, त्यावर लेक स्लीपिंग बॅगमध्ये. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवायची, आपण चालून घामाघूम होतो आणि मूल बसून गार पडतं, त्यामुळे दर थोड्या वेळाने थांबून ग्लोव्ह काढायचा आणि तिच्या मानेमागे हात घालून बघायचं. मान गरम तर सगळं ठीक. अंगाला लागून लोकर, कॉटन अजिबात नाही, कारण ओलं झालं की कॉटन अंगाला चिकटतं आणि मूल कुडकुडतं.

पहिल्या दिवशी बाईसाहेब पुल्कमधून उतरायलाच तयार नव्हत्या. स्वतःच्या स्की होत्या, तिच्या उंचीएवढ्या, पण "तूच जा ना आई" एवढंच. आम्ही जबरदस्ती केली नाही.

संध्याकाळी केबिनमध्ये तिला बिर्केबाइनरची गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं आमची सुट्टी तिथूनच खरी सुरू झाली. 1206 सालची गोष्ट. नॉर्वेत गादीसाठी यादवी चालू होती, आणि राजाच्या दीड-एक वर्षाच्या बाळाच्या, हाकोनच्या, जिवाला धोका होता. बिर्केबाइनर पक्षाच्या दोघा स्कीवाल्यांनी त्या बाळाला घेऊन भर हिवाळ्यात लिलेहामरकडून डोंगर ओलांडला. त्याची आई इंगासुद्धा त्या प्रवासात होती. पुढे 1217 मध्ये तेच बाळ राजा झालं. आज लिलेहामरच्या नगरचिन्हावर स्कीवरचा बिर्केबाइनर आहे, आणि 1932 पासून रेना ते लिलेहामर अशी 54 किलोमीटरची रेस होते, शूशोएनवरूनच जाते, आणि भाग घेणाऱ्यांच्या पाठीवर परंपरेने किमान 3.5 किलोची सॅक असते, त्या बाळाच्या आठवणीसाठी. लगेच हिरकणीचीही सांगावी लागली, कारण "बाळासाठी आणखी कोण गेलं?" हा प्रश्न आलाच. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणारी आई तिला फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपला कापडी ससा छोट्या सॅकमध्ये घातला, चेन अर्धवट लावली म्हणजे त्याला बाहेर दिसेल, आणि म्हणाली, मी बिर्केबाइनर, हा बाळ. आणि निघाली! काठ्या नाहीत, इथे मुलांना सुरुवातीला काठ्या देतच नाहीत, हात मोकळे राहिले की तोल सांभाळायला शिकतात. तळ्याकाठच्या सपाट ट्रॅकवर छोटी छोटी पावलं, मग धपकन पडणं. उठायचं कसं ते बार्नेहागेत (इथल्या बालवाडीत) शिकवलेलं होतं, पाठीवर लोळायचं, दोन्ही स्की आकाशाकडे करायच्या, मग कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं. पण पाठीवर बाळ! ते दबू नये म्हणून ती पोटावर लोळून, कोपरांवर रेटून, नाकाला बर्फ लावून उठत होती, आणि उठल्यावर आधी सॅक चाचपून ससा बघायची. मी मदतीला हात पुढे केला तर "नको, मी नेते" म्हणाली. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

दुपारी झाडांच्या आडोशाला बर्फावर बसकण मारली. नॉर्वेजियन मंडळी अशा वेळी संत्री आणि क्विक लुन्श चॉकलेट काढतात, आम्हीही काढलं, पण थर्मासमधला गरम गरम गुळाचा चहा आणि फॉइलमधल्या मेथीच्या पराठ्यांना तोड नाही. शेजारी शेकोटीवर सॉसेज भाजणाऱ्या आजोबांनी एक पराठा घेतला, आणि मग दुसराही.

एकदा वर मोकळ्या माळावर वारा सुटला, पुढची लाकडी खूण दिसेना, तेव्हा लगेच मागे वळलो. माघारी फिरण्यात लाज नाही, हा इथल्या डोंगर-नियमांतला नियमच आहे, शाळकरी पोरांनाही पाठ असतो. केबिनमध्ये परत येऊन मऊ भात, तूप, मेतकूट.

पुढच्या वर्षीच्या आठव्या आठवड्यासाठी केबिन बुक झालीय, यावेळी आजी-आजोबाही येतायत. आजीने फोनवर "या वयात कुठे" म्हटलं, पण लेकीने तिला व्हिडिओ कॉलवर गालिच्यावर लोळून उठायचं कसं ते दाखवलंय आणि आता बुटांसाठी दोघांच्या पायांची मापं मागवलीत.