भाचीच्या पायघड्या

भाचीचं लग्न वाईजवळच्या शेतातच, गोरज मुहूर्तावर करायचं ठरलं आणि ओट्यापासून मांडवापर्यंतची वाट सजवायचं काम मी मागून घेतलं. डेकोरेटरने लाल कार्पेट आणि प्लास्टिकच्या फुलांच्या कमानी सुचवल्या होत्या. मला पायघड्याच हव्या होत्या. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीसाठी परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो ते पाहिलं, तेव्हापासून ते माझ्या मनात बसलं होतं. आपल्या पोरीनेही धुतल्या कापडावरूनच बोहल्याकडे जावं.

आधी जमीन. पाणी मारून, चोपून, शेणाने सारवली आणि खडखडीत सुकू दिली. ओल राहिली की कापडावर डाग उमटतात. कापड मांजरपाट, धुऊन आटवलेलं. उघड्यावर खरी गाठ वाऱ्याशी असते. खिळे ठोकावेत तर नऊवारीचा काठ अडकायचा. म्हणून दोन्ही कडांना लांब नेफे शिवले आणि त्यांत वाळू भरली. कापड जागचं हललं नाही. नवरीला मंडपात मामा आणतो, तेव्हा रुंदी दोघांपुरती हवी. भावाला मी त्यावरून चालवूनच पाहिलं. "ताई, वीतभर वाढव, तिला पदर सावरायला जागा नको का?" तो म्हणाला. वाढवली.

मार्गशीर्ष होता. गुरुवारच्या पूजेमुळे बुधवारी फुलांचे भाव चढतात, म्हणून शनिवारच्या लग्नासाठी शुक्रवारी पहाटे पुण्याचं मार्केट यार्ड गाठलं. झेंडू मुठीत दाबून घ्यावा: घट्ट आणि कोरडा. भिजलेला झेंडू माळेत दुसऱ्या दिवशी काळा पडतो. त्याच्या जाड माळा जमिनीलगत, कापडाच्या दोन्ही बाजूंनी सोडल्या. गुलाबाच्या पाकळ्या पसरायचा आग्रह घरात बराच झाला, पण मी ठाम राहिले. उन्हात त्या मलूल होतात, पायाखाली चिरडून पांढऱ्या कापडावर डाग पडतात, आणि घसरायची भीती वेगळीच. त्याऐवजी मडक्यांत पाणी घालून गुलछडीच्या काड्या ठेवल्या. तिचा वास संध्याकाळी चढतो. गोरज मुहूर्ताला याहून योग्य फूल मला माहीत नाही.

मांडवाच्या तोंडाशी केळीचे खांब, आंब्याचे टहाळे. समया वाऱ्यात टिकत नाहीत म्हणून वाटेवर काचेचे कंदील.

माळा दुसऱ्या दिवशी खताच्या खड्ड्यात गेल्या. मांजरपाट धुऊन घडी करून ठेवलंय. पुढे धाकटीचं लग्न आहे, तेव्हा वाळू तेवढी नव्याने भरायची.